मुकं ब्लेड

८ फेब्रुवारी २०१२, बुधवार. नळ सव्वासहाला आला, वीस मिनिटं राहिला. सुगतचा पुण्याहून फोन; रीनाला ताप आहे, काळजीचं नाही. पंचफुलाने परवाची वाटी परत केली, तिच्यात ओले हरभरे. दुपारी साडेतीनला भावनाच्या स्थळाकडची दोघं चौकशीला आली. पाऊण तास बसली. विचारलं ते खरं सांगितलं. संध्याकाळी कढी केली. मागच्या खोलीत एक वाटी पाठवली, यांचं नाव कोरलेली.

त्या रात्री मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशीच्या पानावर तसं लिहिलेलं आहे.

पंचफुला माझ्या घराच्या मागच्या खोलीत चौदा वर्षं राहिली. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षी, १९९९ ला, दिवाळीनंतर ती आली. माझे पती कलेक्टर कचेरीत होते. त्यांच्या हाताखालच्या शिपायाची बदली गोंदियाला झाली, त्याने खोली सोडली आणि आठच दिवसांत ही दारात उभी राहिली. सोबत नऊ वर्षांची भावना, एक पत्र्याची पेटी आणि कापडात गुंडाळलेला हातभर आरसा. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं. बोलताना तेवढं सोडायची, बोलणं झालं की परत धरायची. मला वाटलं, खेड्यातली आहे, लाजते.

"गाव कोणतं?" मी विचारलं.

"दिघोरी, बाई."

"आणि भावनाचे वडील?"

"थ्यायनं दुसरी केली." हे तिने इतकं सरळ सांगितलं, की मी पुढे विचारलं नाही. आम्ही दोघीही बौद्ध. पण माझे वडील रेल्वेत होते, त्यांनी मला कामठीच्या कॉन्व्हेंटात घातलं आणि पुढे मी शाळेत शिकवलं. ती चौथीनंतर धानाच्या बांधीत उतरली. एका समाजाच्या असून आमच्यात एवढं अंतर होतं, आणि ते ती माझ्यापेक्षा नीट ओळखून होती. मला शेवटपर्यंत तिने 'बाई' म्हटलं.

गावातल्या एका खाजगी दवाखान्यात ती आयाच्या कामाला लागली. आधी फरशी पुसणं, मग बाळंतिणीचे कपडे, आणि वर्षभरात तिच्याकडे एकच काम आलं जे तिच्याइतकं चांगलं कोणालाच जमत नव्हतं. बाळंतपणाआधी, ऑपरेशनआधी बायकांच्या अंगावरचे केस काढायचे. नर्सच्या हाताने कापायचं, लाल पुरळ यायचं, बायका विव्हळायच्या. पंचफुलाच्या हाताने कधी रक्ताचा ठिपका आला नाही. पाणी कोमट करून घ्यायची, साबणाचा फेस आधी आपल्या मनगटावर लावून बघायची, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची आणि केस ज्या दिशेने वाढलेत त्या दिशेने ब्लेड फिरवायची. चादर लागेल तेवढीच उघडायची. आणि हात चालू असताना समोरच्या बाईला बोलतं ठेवायची. प्रश्न ठरलेले: "गाव कोणतं जी तुमचं? रोवणा झाला का? घरी कोण हाये?" धानाची लावणी झाली की नाही हे सांगता सांगता बाईचं अर्ध्याहून अधिक काम झालेलं असायचं.

कुटुंबनियोजनाच्या शिबिरात तर चाळीस-चाळीस बायका रांगेत. एकदा मी सोबत गेले होते, शाळेकडून. पडद्याआडून आवाज येत होते.

"अवो मावशी, हळू ना! इतकं तं माह्या नवऱ्यानं नाही पाह्यलं."

"मले का पाहाचं हाये तुह्यात? मी आपली बांधीतलं निंदण काढून राहिली."

"निंदण पुन्हा उगवते ना मावशी."

"उगवू दे. थ्या वेळी नवऱ्याले सांग काढाले."

सगळी रांग हसली. त्या हसण्यात भीती निघून गेली. डॉक्टर म्हणायचे, पंचफुलाच्या हाताखालून आलेल्या बाईचं ब्लडप्रेशर मोजायला सोपं जातं. इतका हलका हात हिला कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ते मला २००१ च्या डिसेंबरात कळलं. नळ त्या दिवशी पाचलाच आला. भांड्यावर पाण्याचा आवाज झाला म्हणून मी शाल घेऊन मागच्या अंगणात गेले. दगडावर पंचफुला बसलेली. कंदील खाली, आरसा भिंतीला टेकवलेला, गालांवर फेस. ती पुरुषासारखी ओठ आत ओढून हनुवटी खालून वर साफ करत होती. मी थबकले. तिने मला आरशात पाहिलं. हात थांबला नाही. चेहरा अर्धवट सोडला असता तर अधिक वाईट दिसलं असतं. तिने उरलेला फेस काढला, तोंड धुतलं, मग उठली.

"बाई," ती म्हणाली, "डायरीत नका लिहू जी."

माझ्या डायऱ्या तिला माहीत होत्या. कपाटात वर्षाला एक, रांगेने. नळ किती वाजता आला इथपासून सगळं त्यात असतं. मी म्हटलं, "नाही लिहिणार." आणि नाही लिहिलं. त्या दिवसाचं पान तेवढं अर्धं कोरं आहे.

खरं सांगायचं तर मला त्यात काही मोठं वाटलं नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांच्या हनुवटीवर सात केस होते. प्रार्थनेच्या वेळी आम्ही पहिल्या बाकावरच्या मुली ते मोजत असू. त्यांचं त्यांना काही नव्हतं. त्या भूगोल शिकवायच्या आणि खोटं बोललेल्या मुलीला तासभर उभं करायच्या. सात केसांमुळे कोणाचं आयुष्य मोडतं, हे मला ठाऊक नव्हतं. पंचफुलाचे सात नव्हते. दाढी होती.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक अंगणात, भांडी घासताना. सोळाव्या वर्षी सुरू झालं. तिची आई आनंदाबाई चुलीतली राख चिमटीत घेऊन एकेक केस उपटायची, आणि उपटता उपटता रडायची. लग्न बपेऱ्याच्या इश्वरशी लावलं ते काहीही न सांगता. पहिली दोन वर्षं राखेवर निभावली. भावना झाली आणि मग राख पुरेना. पंचफुलाने नवऱ्याचा वस्तरा उचलला. कोणी उठायच्या आत तळ्यावर जायची, चेहरा साफ करून, पाणी भरून परत यायची. वस्तरा होता तिथे ठेवायची. इश्वर म्हणायचा, हे ब्लेड फार लवकर बोथट होते.

मग तिला टायफॉइड झाला. बारा दिवस अंथरुणातून उठली नाही. तेराव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा सासू रॉकेलची चिमणी घेऊन तोंडावर वाकलेली होती आणि दारात शेजारच्या चार बायका.

"थे म्हणाली," पंचफुला सांगत होती, हातातलं पातेलं घासणं चालूच, "म्हणाली, पोट्ट्या, तुह्या बायकोची दाढी तुह्यापक्षा दाट हाये, दोघं मिळून न्हाव्याकडं जात जा."

"आणि इश्वर?"

"थो दोन दिस बोललाच नाही. मंग भावनाले माह्या मांडीवर देल्लं आन् एसटीत बसवून देल्लं." तिने पातेलं पालथं घातलं. "पन गावात त्यानं दाढीचं नाही सांगतलं, बाई. कसं सांगन? लोक त्यालेच हसले असते. थ्या चार बायकाइलेही सासूनं शपथ घातली. तं त्यानं सांगतलं, बाईची चाल खराब हाये. मीनं पन हो म्हटलं."

"हो म्हटलंस?"

"नाही म्हटलं असतं तं लोक पुसतेत ना, मंग काहून सोडलं?"

म्हणजे नवरा-बायकोत एवढी एकच गोष्ट संगनमताने झाली. त्याने तिच्यावर आळ घेतला आणि तिने तो पांघरून घेतला. माहेरी, दिघोरीला, भावजयीचे टोमणे खाल्ले, बांधावर बाप्यांच्या नजरा खाल्ल्या, आठ वर्षं काढली, आणि मग भंडाऱ्याला आली, जिथे 'त्यानं दुसरी केली' एवढं पुरत होतं.

माझे पती २००६ मध्ये गेले. आमच्या मुलाने, सुगतने, त्यांना इलेक्ट्रिक शेव्हर दिला होता, तो त्यांनी दोनदाच वापरला. त्यांचं सामान आवरताना तो मी पंचफुलाला दिला. म्हटलं, कापायची भीती नाही, अंधारातही चालतो. तिसऱ्या दिवशी तिने तो डब्यासकट परत आणला.

"चांगला नाही का?"

"चांगला हाये जी. पन आवाज करते. पाच वाजता खोलीतून भुंग्यावानी आवाज आला तं समोरची शकुन पुसन, काय होय म्हणून." तिने डबा टेबलावर ठेवला. "ब्लेड कसं मुकं राह्यते."

भावना शिकली. बी.कॉम. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, एका वकिलाकडे टायपिंगला लागली. मुलगी देखणी, उंच, बोलण्यात धीट. पंचफुलाने तिच्या तोंडाला ब्लेड म्हणून लागू दिलं नाही. जबड्याखाली तीन-चार केस यायचे, ते आई दर रविवारी दाराला कडी लावून दोऱ्याने काढायची. राख नाही, ब्लेड नाही. "एकदा ब्लेड लागलं का मंग लागलं," असं म्हणायची. पंचफुलाचा दिवस, रात्र, दवाखान्यातल्या दोन-दोन पाळ्या, सगळं एका गोष्टीसाठी होतं: भावना चांगल्या घरी जावी, आणि जाईपर्यंत कोणाला काही कळू नये. हे ती बोलून दाखवायची नाही. पण तिच्या घरात आरसा कधी भिंतीवर टांगलेला नव्हता. पेटीत असायचा.

स्थळ आलं ते जानेवारी २०१२ मध्ये. मुलगा प्रफुल्ल, ग्रामसेवक, तुमसर तालुक्यातला. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा. आमच्याकडे आता पत्रिका बघत नाहीत, सिकलसेलचं कार्ड बघतात, रक्तातला दोष मुलांत उतरू नये म्हणून. दोघांचीही कार्डं साफ निघाली. पंचफुला दवाखान्यातून ते कार्ड घेऊन आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पदर न धरता हसताना पाहिलं.

"रक्त साफ हाये, बाई," ती म्हणाली. "आता का राह्यलं?"

राहिली होती चौकशी. ८ फेब्रुवारीला मुलाची आत्या रुखमिणी आणि काका जागेश्वर माझ्याकडे आले. घरमालकीण, समाजातली, शिकलेली. माझ्याकडे येणं साहजिक होतं. जय भीम झाला, पाणी झालं. जागेश्वरराव भिंतीवरचा यांचा फोटो बघत बसले. बोलली ती रुखमिणी.

"मॅडम, पोरगी चांगली हाये, त्यात वाद नाही. पन माह्या माहेरचं गाव बपेऱ्याच्या बाजूलाच. तिथं पोरीच्या मायचं नाव आइकलं."

"काय ऐकलं?"

"चाल बरोबर नव्हती म्हणतेत. म्हणून सोडली."

"लोक काहीही म्हणतात."

"म्हणतेत ना. म्हणूनच तं तुमाले पुसाले आलो." ती माझ्या खोलीकडे, कपाटाकडे, पुस्तकांकडे बघत होती. "तुमच्यासारख्या बाईनं असल्या बाईले इतकी वर्सं घरात ठेवलं, तं आमाले वाटलं, तुमाले माहीतच नसन. का माहीत असून ठेवलं?"

जागेश्वरराव म्हणाले, "रुखमे, जरा दमानं."

"मी का वाईट बोलली? घर विधवा बाईचं, मागं खोली, रातपाळीची नोकरी. लोक बोलतेत तं उगाच बोलतेत का?"

इथपर्यंत मी पंचफुलासाठी बोलत होते. इथून पुढे मी माझ्या घरासाठी बोलले. हे मला त्या वेळी कळलं नाही. लिहायला बसले तेव्हाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "बारा वर्षं झाली. या अंगणात एक परका पुरुष आलेला मी पाहिला नाही. तिचं चारित्र्य माझ्याइतकं स्वच्छ आहे."

"मंग सोडलं काहून?"

आणि मी सांगितलं. सगळं नाही, दोन वाक्यांत सांगितलं. की तिला चेहऱ्यावर केस येतात, अनेक बायकांना येतात, त्यात आजार नाही, दोष नाही. नवऱ्याने तेवढ्यासाठी टाकलं आणि आळ घेतला. वर हेही म्हटलं, की शिकलेल्या माणसांनी असल्या गोष्टीचा बाऊ करू नये. मला वाटलं, मी मुलीच्या आईवरचा डाग पुसला. जागेश्वररावांनी मान हलवली. रुखमिणी म्हणाली, "असं हाये का? बरं झालं सांगतलं." दोघांनी चहा पूर्ण घेतला. मी दारापर्यंत सोडायला गेले.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, निरोप न देता चार बायका आल्या. पंचफुलाला आनंद झाला. मुलाकडच्या बायका परत येतात म्हणजे पक्कं होतं, साडी ठरवायला आल्या असतील. तिने मला हाक मारून नेलं. पोहे केले. भावना पाणी घेऊन आली. रुखमिणीने पेला घेतला नाही.

"पोरी, अंधार हाये इथं. जरा दारात ये."

भावना दारात गेली. रुखमिणीने उठून तिची हनुवटी दोन बोटांत धरली, बाजारात वासराचं तोंड धरतात तशी, आणि उन्हाकडे वळवली. अंगठा जबड्याखालून फिरवला. रविवार जाऊन पाच दिवस झाले होते.

"हाये," तिने मागच्या बायकांना सांगितलं. "माय तशी लेक."

त्यातली एक पदराआड हसली. "आमच्या पोट्ट्याले तं सोपं होईन वो, एका ब्लेडात दोघायचं."

भावनाने रुखमिणीचा हात झटकून टाकला. ती काही बोलणार तोच पंचफुला पुढे आली. मला वाटलं, भांडेल. तिने फक्त पोह्यांच्या ताटल्या उचलायला सुरुवात केली, एकीवर एक, भरलेल्याच. बायका चपला घालून निघाल्या. सगळ्यांत शेवटी रुखमिणीने माझ्याकडे बघून हात जोडले. "मॅडम, तुमचे उपकार हायेत."

पंचफुलाने ते ऐकलं.

भावना आत जाऊन दार लावून बसली. आम्ही दोघी अंगणात. ती ताटल्या दगडावर ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. पदर दातांत नव्हता.

"तुमी सांगतलं?"

"पंचफुला, ते तुझ्या चारित्र्यावर बोलत होते."

"तुमी सांगतलं?"

"हो."

"काहून?"

"मी खोटं कसं ऐकून घेऊ? तुझी चाल खराब म्हणत होती ती बाई."

"तं म्हणू द्याचं ना जी!" तिचा आवाज चढला आणि तिनेच तो खाली आणला, शेजारी ऐकतील म्हणून. "वीस वर्सं म्हणून राह्यले. मेली का मी? बदचलन बाईच्या पोरीचं लगन होते, बाई. लोक म्हणतेत, मायचं मायजवळ, पोरीचा का दोष? दाढीवालीच्या पोरीचं नाही होत. थे रक्तात हाये म्हणतेत."

"मी त्यांना सांगितलं की हा आजार नाही..."

"कोनाले सांगतलं? ग्रामसेवकाच्या आत्याले?" ती हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "मीनं आपल्या हातानं माहं नाव खराब ठेवलं होतं, बाई. पोट्टीसाठी. थे पुसून टाकाले तुमाले कोन सांगतलं होतं?"

मी म्हणाले, "मी डायरीत नाही लिहिलं कधी." हे मी का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही.

"लिवलं असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "कपाटात तं राह्यलं असतं."

भावना मार्चमध्ये नागपूरला गेली. एका मोबाइल कंपनीच्या ऑफिसात लागली. जाताना तिने मला नमस्कार केला. वाकली नाही, हात जोडले. प्रफुल्लचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. बातमी गल्लीतही आली. समोरची शकुन आता पंचफुलाच्या तोंडाकडे बघून बोलायची. दवाखान्यात एका पेशंटच्या सासूने म्हटलं, आमच्या सुनेले थ्या बाईचा हात नको, दाढीची लागण होते म्हणे. डॉक्टरांनी त्या सासूला झापलं. पण त्यानंतर रांगेतल्या हसण्यात पंचफुला नसायची.

ती खोली सोडून गेली नाही. ते सगळ्यात कठीण होतं. एकच अंगण, एकच नळ. सकाळी तिचा क्रमांक पहिला, मग माझा. ती बादली भरून बाजूला व्हायची, माझी बादली आली की नळाची नळी माझ्याकडे वळवून द्यायची. रागावली असती तर मी काही म्हटलं असतं. ती रागावलेली नव्हती. ती मला ओळखत नव्हती, असं वागायची. मी संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले. तिने तो घेतला, दारात ठेवला. त्या बुधवारी पाठवलेली कढीची वाटी परत आली नाही. मी मागितली नाही. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, आणि तिला माझ्या वाटीत घालण्यासारखं काही उरलं नसावं, असं मी मनाला सांगितलं.

२०१३ च्या पावसाळ्यात मला हर्नियाचा त्रास वाढला. ऑपरेशन त्याच दवाखान्यात ठरलं. सुगतला सुट्टी मिळणार होती ती ऑपरेशनच्या दिवशी. १९ ऑगस्टला, सोमवारी, मी एकटीच रिक्षाने जाऊन भरती झाले. मंगळवारी सकाळी सात वाजता नर्स आली, म्हणाली, "आजी, पोटाचे केस काढायचेत. आता मशीन आलंय, दोन मिनिटांत होईल." तिच्या मागे पंचफुला उभी होती.

"मशीन राहू द्या, सिस्टर," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाची कातडी पातळ राह्यते. ओढते मशीन."

नर्स गेली. पंचफुलाने पडदा ओढला. पाणी आणलं, फेस केला, आपल्या मनगटावर लावून पाहिला. चादर लागेल तेवढीच बाजूला केली. तिची डाव्या हाताची दोन बोटं माझ्या पोटावर आली, कातडी ताणली गेली, आणि ब्लेड फिरू लागलं. मी डोळे मिटले. काहीच कळत नव्हतं, इतका तो हात हलका.

"गाव कोणतं जी तुमचं?" तिने विचारलं.

मी डोळे उघडले. ती कामाकडे बघत होती. आवाज तोच, चाळीस बायकांच्या रांगेतला.

"भंडारा," मी म्हणाले.

"रोवणा झाला का?"

"आमची शेती नाही."

"घरी कोण हाये?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. हात चालू होता. काम संपलं. तिने कोमट पाण्याच्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, चादर वर ओढून नीट केली. वाटी, साबण, वापरलेलं ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं. मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हनुवटीवर दोन हायेत," ती म्हणाली. "पांढरे. मोठे झाले."

मला माहीत होते. दोन वर्षांपासून होते. चष्मा लावूनही मला ते नीट काढता येत नव्हते, आणि सुनेला, रीनाला, सांगायची लाज वाटत होती.

"काढू का?"

मी हो म्हटलं. तिने नवीन ब्लेड फोडलं. माझी हनुवटी दोन बोटांनी किंचित वर उचलली. दोनदा हात फिरला. तिने फडक्याने पुसलं आणि ते फडकं घडी करून आपल्या मुठीत घेतलं.

"कोनाले नाही सांगनार, बाई," ती म्हणाली, आणि पडदा बाजूला करून गेली.

ऑपरेशन नीट झालं. पाच दिवस दवाखान्यात होते. त्या पाच दिवसांत ती मला दिसली नाही. शनिवारी नर्सला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मावशींनी मंगळवारीच काम सोडलं, पोरीकडे नागपूरला गेल्या. जायच्या आधी एवढं एक पेशंट करून जाते म्हणाल्या. दुपारी सुगतने मला घरी आणलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आत झाडून काढलेलं. तिची पेटी नव्हती. मी भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, आणि टेबलाशी बसून तारीख घातली.

२४ ऑगस्ट २०१३, शनिवार. साडेबाराला घरी. टाके कोरडे. सुगतने खिचडी केली, मीठ जास्त. मागच्या खोलीला कुलूप लावलं. कढीची वाटी मागच्या दाराच्या ओट्यावर होती, घासलेली, रिकामी.